पिशवीतले जिवंत खत

पुण्यात शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल. तेथे जिवाणू खते तयार होतात. अशा खताची पाव किलोची पिशवी उघडली, तर आत नुसती काळसर भुकटी दिसते. दहा किलो बियाण्याला ती पुरते! एवढ्याशा भुकटीने पिकाचे पोट कसे भरणार?

गंमत अशी, की हे खत जिवंत असते. काळी भुकटी असते लिग्नाइट कोळशाची. ती केवळ वाहक. खरे काम करतात तिच्यात वाढवलेले रायझोबियम जिवाणू.

हवेत सुमारे 78 टक्के नत्रवायू आहे, पण पिकाला तो जसाच्या तसा घेता येत नाही. त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. खतकारखान्यात तो बंध तोडण्यासाठी 400 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान आणि प्रचंड दाब लागतो. रायझोबियम तेच काम शेतातल्या साध्या तापमानात करतात! द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी होतात, त्यांत राहून ते पिकाला नत्र देतात आणि मोबदल्यात अन्न घेतात. जर्मनीत हेलरीगेल व विल्फार्थ यांनी 1886 साली गाठींचे हे कार्य दाखवून दिले.

मग हे जिवाणू बियाण्याला मुद्दाम का चोळायचे? ते मातीत नसतात का? खरी मेख येथेच आहे. प्रत्येक जिवाणूचे सोयरे ठरलेले असतात. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने सोयाबीनचे अनेक वाण तयार केले आहेत. पण वाण कितीही चांगला असो, जेथे पूर्वी सोयाबीन घेतलेच नाही, त्या जमिनीत त्याचा सोबती जिवाणू सहसा नसतो, किंवा फार थोडा असतो. तो पिशवीतूनच न्यावा लागतो.

आणि तोही जिवंत! पिशवी उन्हात राहिली किंवा तिची मुदत उलटली, की जिवाणू मरतात. भुकटी मात्र तशीच काळी दिसते. शेतकऱ्याचे पैसे जातात आणि पीकही उपाशी राहते. म्हणून पिशवी थंड जागी ठेवतात. भुकटी गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळतात, बी सावलीत सुकवतात आणि लगेच पेरतात. बुरशीनाशक लावायचे असेल, तर ते आधी, जिवाणू शेवटी.

जिवाणू कामाला लागले की नाही, हे तुम्हीही पाहू शकता. पेरणीनंतर सुमारे चाळीस दिवसांनी, शेतमालकाला विचारून, सोयाबीनचे एक रोप मातीसकट खणून काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतील. मुळे पाण्यात हलकेच धुवा आणि शिक्षकांसमोर एक गाठ पात्याने कापा. आत लालसर दिसले, तर काम चालू आहे. तो रंग लेगहीमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हीमोग्लोबिनच्या भावंडाचा. नत्र बांधणाऱ्या विकराला मोकळा ऑक्सिजन सोसत नाही. हे द्रव्य त्याला आवर घालते. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती काम करीत नाही असे समजा.

दहा रोपे तपासा, गाठी मोजा, रंग लिहून ठेवा आणि ती वही शेतमालकाला दाखवा. पुढच्या पेरणीला ती त्यांच्या उपयोगी पडेल.