स्लॅब वाळत नसतो

चौकला आम्ही घराचा स्लॅब टाकला तो मे महिन्यात. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका वर येऊन म्हणाले, "झकास वाळलाय!" मीही मान डोलावली. पण काँक्रीट वाळून घट्ट होत नसतं. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होतो, म्हणून ते घट्ट होतं, अगदी पाण्याखालीसुद्धा. पाणी उडून गेलं, की हा संयोगच थांबतो.

मानकानुसार सिमेंटने पहिल्या अर्ध्या तासात धरू नये आणि दहा तासांत धरायलाच हवं. पण धरणं वेगळं, ताकद येणं वेगळं. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते. पुरी मोजायची ती २८ दिवसांनी. म्हणून साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस ओल हवी. १४ दिवस ठेवली तर उत्तमच.

आम्ही वर आळी करून पाणी साठवलं. काका म्हणाले, "पाऊस आहे की मारायला!" इर्शाळवर ढग दिसायला अजून तीन आठवडे होते!

खरी कटकट पुढेच. पाचव्या दिवशी सेंट्रिंगवाला टेकू काढायला हजर. त्याला फळ्या दुसऱ्या कामावर हव्या होत्या. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, त्यापुढे १४ दिवस टेकू ठेवायचे असतात. आमची खोली पाच मीटरची. जादा भाडं मोजलं, पण हात लावू दिला नाही. पंधराव्या दिवशी आधी मधले टेकू काढले, मग कडेचे.