तंबोऱ्याचा गळा

बीडच्या गावांतल्या कीर्तनातली वीणा असो की मिरजेचा तंबोरा, भोपळ्याला दांडी जोडणारा गळा हीच वाद्याची खरी परीक्षा. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांत हा गळा तुणाच्या लाकडाचा असतो. भोपळ्याच्या कापलेल्या काठावर तो घासून घासून बसवतात; फट राहिली तर सरस ती सांभाळून घेत नाही. मग पोकळ दांडी गळ्याशी जोडतात आणि सांधा कोरीव पानांनी झाकतात. तारांचा ताण रात्रंदिवस इथेच येतो. सतारीची दांडी किंचित पुढे झुकली, तरी तारा पडद्यांपासून उंच होतात आणि बोटांना जड जातात. गिटारमध्येही असाच सांधा असतो; तिचा गळा काही कंपन्या पारव्याच्या शेपटीसारख्या, म्हणजे डव्हटेल खाचेत चिकटवतात, तर काही बोल्टने आवळतात. बोल्ट सहज सुटतो. चिकटवलेला जोड वाफ देऊन उकलावा लागतो.