मेहताजी, माथाडी आणि ब्राउझरमधली एक कळ

संगणकावर ब्राउझर उघडून गुगलचा नकाशा लावावा आणि माऊसनं शिवडीपासून चिर्ल्यापर्यंत अटल सेतूवरून सरकत जावं. 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालेला हा 21.8 किलोमीटरचा पूल काही सेकंदांत पार होतो. पण तेवढ्या वेळात पडद्यामागे केवढी धावपळ उडते! फुल एचडी पडद्यावर 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. पाणी, रस्ते, गावांची नावं, उलव्याच्या इमारती असं सगळं चित्र या ठिपक्यांतून सेकंदाला 60 वेळा नव्यानं उभं करावं लागतं. म्हणजे दर सेकंदाला 12 कोटींहून जास्त ठिपक्यांचा रंग ठरवायचा, आणि एका चित्रासाठी वेळ मिळतो जेमतेम 16 मिलिसेकंद.

हे काम नेमकं कोणी करायचं, ते ब्राउझरमधली एक कळ ठरवते. क्रोममध्ये तिचं नाव ‘यूज ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल’. पूर्वी याच जागी ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ असं लिहिलेलं असे, आणि दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी अजूनही तेच नाव आहे. ब्राउझर अडखळायला लागला, पान पांढरं पडलं, की ‘ते हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून टाका’ हा सल्ला ठरलेला. सल्ला चुकीचा नाही. तो अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा भाग कोणी सांगत नाही म्हणून अनेकांचे चांगले लॅपटॉप विनाकारण तापत राहतात.

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये दोन तऱ्हेची कामं शेजारी शेजारी चालतात. गाळ्यावरचे मेहताजी भाव, अडत, उधारी, कोणाचे किती देणे, असा गुंतागुंतीचा हिशेब एकामागून एक सोडवतात. बाहेर माथाडींची टोळी ट्रकमधल्या शेकडो गोणी एकाच वेळी उतरवते. संगणकातला मुख्य प्रोसेसर, म्हणजे सीपीयू, हा मेहताजी. त्याची गणना करणारी केंद्रं मोजकी, पण हुशार. ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे जीपीयू, ही माथाडींची टोळी. त्यात शेकडो, कधी हजारो छोटे घटक एकाच प्रकारचं काम एकदम करतात. लाखो ठिपके रंगवणं हे गोणी उतरवण्याच्या जातीचं काम आहे. कळ बंद केली की टोळी घरी बसते आणि गोणीही मेहताजींनाच उचलाव्या लागतात.

ही वाटणी ब्राउझरमध्ये सुरुवातीपासून नव्हती. एनव्हिडियानं 1999 मध्ये ‘जीफोर्स 256’ हे कार्ड जीपीयू या नावानं बाजारात आणलं, ते खेळांसाठी. वेब पान रंगवायला मुख्य प्रोसेसर पुरेसा होता, कारण पान म्हणजे मजकूर आणि चार छायाचित्रं. पुढे व्हिडिओ आले, सरकणारे नकाशे आले. मार्च 2011 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 9 आणि फायरफॉक्स 4 थोड्याच दिवसांच्या अंतरानं आले, आणि विंडोजवर दोघांनीही पान रंगवण्याचं काम जीपीयूकडे सोपवलं. त्याच महिन्यात वेबजीएल हे प्रमाण जाहीर झालं आणि ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रं काढण्याची वाट मोकळी झाली.

आज त्याच्या पुढची पायरी चालू आहे. क्रोममध्ये 2023 पासून वेबजीपीयू आहे, आणि त्याच्या जोरावर छोटी एआय मॉडेल्स थेट ब्राउझरच्या खिडकीत चालतात. या जातीचे थोराड प्रोसेसर नवी मुंबईच्या दाराशीच आहेत. पनवेलला योट्टा कंपनीचं ‘एनएम1’ हे डेटा सेंटर जुलै 2020 मध्ये सुरू झालं आणि 2024 मध्ये तिथे एनव्हिडियाच्या एच100 प्रोसेसरची खेप आली. घरच्या लॅपटॉपमधली चिप त्यांच्यापुढे चिमुकली, पण कूळ एकच.

मग इतकी उपयोगी गोष्ट बंद करायची वेळ का येते? दोष बहुधा चिपचा नसतो, ड्रायव्हरचा असतो. विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांच्यामधला दुवा म्हणजे हा ड्रायव्हर. तो जुना किंवा सदोष असला की व्हिडिओच्या जागी काळा चौकोन दिसतो, पान लुकलुकतं, अक्षरं फाटतात, कधी ब्राउझरच बंद पडतो. ब्राउझर बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही सदोष ड्रायव्हरांची यादी बाळगतात आणि अशा संगणकावर प्रवेग, म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, आपणहून रोखतात. क्रोममध्ये जीपीयूचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं. ती वारंवार कोसळली तर क्रोम मुकाट्यानं सीपीयूवर परततो. वापरणाऱ्याला कळतं ते एवढंच, की पंखा घोंघावतोय.

खरी स्थिती पाहायला अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि जीपीयू असं टाइप करावं. उघडलेल्या पानावर वरच ‘ग्राफिक्स फीचर स्टेटस’ दिसतं. कॅनव्हास, रास्टरायझेशन, व्हिडिओ डीकोड, वेबजीएल अशा ओळींपुढे हिरव्या अक्षरांत ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड’ असेल तर टोळी कामावर आहे. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ असेल तर कळ चालू असूनही काम सीपीयूच करतोय. फायरफॉक्समध्ये हीच माहिती ‘अबाउट, कोलन, सपोर्ट’ या पानावर मिळते.

यातली व्हिडिओची ओळ सर्वांत महत्त्वाची. व्हिडिओ उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये खास विभाग असतो आणि तो सीपीयूपेक्षा खूप कमी वीज घेतो. मे महिन्याच्या दुपारी ऐरोलीच्या घरात ऑनलाइन तास किंवा मीटिंग चालू असताना बॅटरी झरझर उतरते, त्यामागे अनेकदा या ओळीतलं ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ असतं. मात्र यूट्यूब हल्ली बरेच व्हिडिओ एव्ही1 या पद्धतीनं पाठवतं आणि ती उलगडण्याची सोय इंटेलच्या चिपमध्ये 2020 साली, अकराव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या लॅपटॉपवर कळ चालू ठेवली तरी एव्ही1चा भार सीपीयूवरच पडतो.

काही ठिकाणी कळ बंद असणंच बरोबर. ज्या कार्यालयांत कर्मचारी दूरच्या सर्व्हरवरचा आभासी डेस्कटॉप वापरतात, तिथे त्या सर्व्हरला पुष्कळदा ग्राफिक्स चिपच नसते. मग प्रवेग शोधण्यात ब्राउझरची शक्ती वाया जाते. उलट ब्राउझरमध्येच फिग्मासारखी साधनं वापरणाऱ्या डिझाइनच्या विद्यार्थ्यानं ती बंद केली, तर त्याचं काम ठप्प होईल.

घरी त्रास झाला तर कळ दुखणं शोधण्यासाठी वापरावी. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, सिस्टीम, तिथे कळ बंद करून ‘रीलाँच’ दाबायचं. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या ‘जनरल’ पानावर ‘परफॉर्मन्स’मधली शिफारस केलेली खूण काढली की ही कळ दिसते. बंद केल्यावर त्रास थांबला, तर ग्राफिक्सच्या वाटेवर दोष आहे हे जवळपास नक्की. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि कळ पुन्हा चालू करावी. हाच तो न सांगितला जाणारा अर्धा सल्ला. बंद करूनही त्रास तसाच राहिला, तर ग्राफिक्सचा संबंध नाही. एक्स्टेंशन, कमी रॅम किंवा नेटवर्क तपासावं, आणि कळ आधी होती तशी करून ठेवावी.

वाशीच्या सेक्टर 17 मधल्या किंवा घराजवळच्या दुकानात लॅपटॉप नेण्याआधी ही तपासणी घरी जरूर करा. दुकानदारानं कळ बंद करून दिली, तर ड्रायव्हर बदलला का, एवढं त्याला नक्की विचारा.