विहारात लग्न झाले, पण व्हिसाचे काय? परदेशी जोडीदाराशी विवाह करणाऱ्या तरुणांसाठी

गेल्या पावसाळ्यात आकुर्डीत आमच्याकडे एक जोडपे आले. मुलगा इथलाच. वडील भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा शिष्यवृत्तीवर परदेशात शिकायला गेला, तिथे व्हिएतनामची वर्गमैत्रीण भेटली. शिक्षण संपल्यावर ती पर्यटक व्हिसावर भारतात आली. दोन्ही घरांचा होकार होता. विहारात त्रिसरण-पंचशील झाले, बौद्धाचार्यांनी दाखला दिला, वस्तीने जेवण केले.

फाईलमध्ये बौद्धाचार्यांचा दाखला, स्टॅम्पपेपरवरचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचे फोटो होते. मुलाने विचारले, "ताई, आता हिला इथेच राहता येईल ना?" व्हिसा संपायला २३ दिवस उरले होते. उत्तर 'नाही' असे होते. विवाह नोंदणीच्या नोटिशीलाच ३० दिवस लागतात. ती मुलगी लग्नानंतर दीड महिन्याच्या आत एकटी परत गेली.

चूक कोणाची नव्हती, माहिती नव्हती एवढेच. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे आपली मुले-मुली आज जगभरातल्या विद्यापीठांत शिकत आहेत. चाकण, तळेगावच्या कारखान्यांमुळे परदेशी माणसे आपल्या शेजारी राहायला आली आहेत. असे विवाह वाढणारच, आणि त्यात वाईट काही नाही. पण कार्यकर्ता म्हणून आपल्याकडे सल्ला मागायला येणाऱ्याला नेमके काय सांगायचे, हे आपल्याला माहीत हवे.

लग्न वेगळे, राहण्याचा हक्क वेगळा

सगळ्यात मोठा गैरसमज असा की भारतीयाशी लग्न झाले की परदेशी माणूस आपोआप इथला होतो. तसे नाही. विवाह हा पाया आहे. त्यावर राहण्याची परवानगी टप्प्याटप्प्याने, प्रत्येक वेळी अर्ज करून मिळवावी लागते. टप्पे चार आहेत : नोंदणीकृत विवाह, एंट्री व्हिसा, ओसीआय कार्ड आणि शेवटी, हवे असल्यास, नागरिकत्व.

भदन्त सुरेई ससाई यांचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. जपानमधून आलेले हे भिक्खू नागपुरात राहिले, दीक्षाभूमीच्या चळवळीशी एकरूप झाले. त्यांच्या वास्तव्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हा लोकांनी सह्यांची मोहीम चालवली आणि राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. ती एका समाजाने आपल्या भन्तेंसाठी दिलेली लढाई होती. प्रत्येक जोडप्यासाठी अशी मोहीम उभी राहणार नाही. त्यांच्या हातात कायद्याचा रस्ता आहे आणि तो वेळेत चालावा लागतो.

पहिला टप्पा : विवाह कोणत्या कायद्याखाली?

हिंदू विवाह कायदा, १९५५ कलम २ नुसार बौद्धांनाही लागू होतो. आपण अनेक वर्षे स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी करतो ती याचमुळे. दोघेही बौद्ध असतील तर या कायद्याखाली नोंदणीचा विचार होऊ शकतो, पण परदेशी जोडीदाराचा धर्म कागदावर कसा दाखवायचा, इथे गाडी अडते. जोडीदार ख्रिस्ती, मुस्लिम किंवा कोणताच धर्म न मानणारा असेल तर हा रस्ता बंदच.

म्हणून विशेष विवाह कायदा, १९५४ हा सरळ मार्ग. तो धर्म विचारत नाही, जात विचारत नाही, एक पक्ष परदेशी असला तरी चालतो. स्वतः बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्याशी नोंदणी पद्धतीनेच विवाह केला होता. तेव्हा नोंदणी विवाह 'कमी बौद्ध' आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याला हे सांगा. विहारात मंगल परिणय जरूर करा, पण नोंदणी त्याच्या आधी किंवा त्याला जोडून ठेवा.

या कायद्याचा हिशेब असा आहे :

– दोघांपैकी किमान एकाने नोटीस देण्यापूर्वी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य केलेले असावे. मुलगा किंवा मुलगी आकुर्डीत राहत असेल तर ही अट तिथेच पूर्ण होते. परदेशी जोडीदाराला वेगळे ३० दिवस थांबावे लागत नाही.
– विवाह अधिकाऱ्याकडे दोघांच्या सहीने नोटीस द्यायची. महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून ती ऑनलाइन भरता येते.
– नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी राखीव. त्याआधी विवाह होत नाही.
– नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर नोटीस रद्द होते आणि सगळे पुन्हा करावे लागते.
– विवाहाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात.

विहारात आधीच लग्न झाले असेल तर याच कायद्याच्या कलम १५ खाली त्याची नोंद करता येते. पण तिथेही ३० दिवसांची नोटीस चुकत नाही. आमच्याकडे आलेल्या जोडप्याचे २३ दिवस इथेच अपुरे पडले.

परदेशी जोडीदाराने मायदेशातून निघण्यापूर्वीच दोन कागद तयार ठेवावेत : जन्माचा दाखला आणि सध्या अविवाहित असल्याचा दाखला. आधी लग्न झालेले असेल तर घटस्फोटाचा न्यायालयीन आदेश किंवा पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला. या कागदांवर त्या देशाचे अपॉस्टिल किंवा दूतावासाचे प्रमाणीकरण घ्या, आणि कागद इंग्रजीत नसतील तर प्रमाणित भाषांतर. हे कागद नंतर मागवायचे म्हटले तर आठवडे जातात.

दुसरा टप्पा : व्हिसा बदलून घेणे

नोंदणीकृत विवाहाचे प्रमाणपत्र हातात आले की परदेशी जोडीदार आपला व्हिसा 'एंट्री' म्हणजे एक्स-२ प्रकारात बदलून मागू शकतो. भारतीय नागरिकाच्या पती-पत्नीसाठी आणि मुलांसाठीचा हा व्हिसा आहे. अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर होतो. दलाल लागत नाही.

इथे काय तपासतात ते आधीच समजून घ्या. लग्नाचे प्रमाणपत्र तर हवेच, पण दोघे खरोखर एकत्र राहतात का, जोडीदाराची पार्श्वभूमी काय, सुरक्षेच्या दृष्टीने काही अडचण आहे का, याचा अहवाल घेतला जातो. म्हणजे पोलीस घरी येतील, शेजाऱ्यांना विचारतील. वस्तीत पोलीस आले की लोक घाबरतात आणि "आम्हाला काही माहीत नाही" म्हणून मोकळे होतात. त्या उत्तराने जोडप्याचे नुकसान होते. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की ही चौकशी नेहमीची आहे, खरे ते सांगायचे.

भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडेकरार दोघांच्या नावाने करून घ्या. परदेशी व्यक्ती राहायला आल्यावर २४ तासांच्या आत तसे कळवावे लागते, हे घरमालकालाही सांगा. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने भारतात पोहोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. पत्ता बदलला तर तोही कळवायचा.

एक धोका लक्षात ठेवा. ई-व्हिसा सर्वसाधारणपणे वाढवून किंवा बदलून मिळत नाही. 'आत्ता ई-व्हिसावर ये, नंतर बघू' हा सल्ला कोणाला देऊ नका. लग्न परदेशातच झाले असेल तर तिथल्या भारतीय दूतावासातून थेट एक्स-२ व्हिसा घेऊन येणे सगळ्यात सोपे. आणि इथे आल्यावर जोडीदाराला नोकरी करायची असेल तर व्हिसावरचा शेरा वाचून, परवानगीची लेखी खात्री करूनच रुजू व्हा.

मुदत संपली तर काय जाते?

'एक-दोन महिने उशीर झाला तर दंड भरू' असे अनेकजण म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आहे. जुना १९४६चा कायदा त्यात विलीन झाला. मुदतीपेक्षा जास्त राहण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

पण खरा फटका बाळाला बसतो, आणि हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५च्या कलम ३ नुसार, ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने भारतीय होण्यासाठी आई-वडिलांपैकी एक भारतीय असावा लागतो आणि दुसरा त्या वेळी 'बेकायदा स्थलांतरित' नसावा लागतो. वैध व्हिसावर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेली व्यक्ती या व्याख्येत बसते. म्हणजे आईचा व्हिसा संपलेला असताना बाळ जन्मले, तर वडील पक्के आकुर्डीकर असले तरी त्या बाळाच्या नागरिकत्वावर प्रश्न उभा राहतो. गरोदरपणाच्या धावपळीत व्हिसाची तारीख विसरली जाते. ती तारीख दवाखान्याच्या तारखांबरोबर भिंतीवर लिहून ठेवा.

तिसरा आणि चौथा टप्पा : ओसीआय आणि नागरिकत्व

विवाह नोंदणीकृत असेल आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असेल तर परदेशी जोडीदार ओसीआय कार्डासाठी पात्र ठरतो. ही दोन वर्षे विहारातल्या तारखेवर मोजायला जाऊ नका, नोंदणी लवकर करण्याचे हे आणखी एक कारण. सुरक्षा तपासणी इथेही होते. कार्ड मिळाले की वारंवार व्हिसा वाढवण्याची आणि पोलिसांकडे नोंदणीची कटकट संपते. पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही : मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. घटस्फोट झाला तर हे कार्ड रद्द होऊ शकते.

पूर्ण नागरिकत्वासाठी कलम ५(१)(क) खाली भारतात सात वर्षांचे वास्तव्य लागते. त्यातले अर्जापूर्वीचे शेवटचे वर्ष सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत एकूण किमान सहा वर्षे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागते. हा निर्णय जोडीदाराचा आहे. त्यावर सासरचा दबाव नको.

सर्व देशांना एक नियम नाही

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना भारतात येण्या-राहण्यासाठी व्हिसा लागत नाही. आपल्या औद्योगिक पट्ट्यात नेपाळी कुटुंबे बरीच आहेत. त्यांच्याशी झालेल्या विवाहात व्हिसाचा प्रश्न नाही, पण नागरिकत्वाचा अर्ज वेगळा करावाच लागतो.

पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असलेल्या, किंवा ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा तिथले नागरिक होते, त्यांना ओसीआय मिळत नाही. भारतीयाशी लग्न केलेल्या तिथल्या स्त्रियांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा हा वेगळा मार्ग आहे. २०१९च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यात बौद्धांचा उल्लेख आहे, पण तो फक्त अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, व्हिएतनामच्या बौद्धांना त्याचा काही उपयोग नाही.

जातीचा दाखला

लग्नामुळे परदेशी जोडीदाराला अनुसूचित जातीचा किंवा नवबौद्धाचा लाभ मिळत नाही. मुलांबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रमेशभाई दाभाई नायका प्रकरणात म्हटले आहे की आंतरजातीय विवाहातील मूल आपोआप वडिलांच्या जातीचे ठरत नाही. ते कोणत्या समाजात वाढले, त्याने कोणता भेदभाव सोसला, हे पुराव्याने पाहावे लागते. आई नवबौद्ध आणि वडील परदेशी असतील तर या निकालाचा आधार घेता येईल.

जिचा व्हिसा नवऱ्याच्या कागदावर आहे

शेवटचे, आणि माझ्या कामात सर्वात महत्त्वाचे. या सगळ्या व्यवस्थेत परदेशी पत्नीचे इथे राहणे विवाहावर आणि अनेकदा नवऱ्याच्या सहीवर टेकलेले असते. "जास्त बोललीस तर सही करणार नाही" अशी धमकी आम्ही ऐकली आहे, आपल्याच घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली. अशा वेळी लक्षात ठेवा : कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ 'कोणत्याही स्त्री'ला संरक्षण देतो, तिचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे हे तो विचारत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे ती जाऊ शकते. तिचा पासपोर्ट तिच्याच ताब्यात असावा, विवाह प्रमाणपत्राची एक प्रत तिच्याकडे असावी आणि ई-एफआरआरओचा पासवर्ड तिला माहीत असावा. विहारात लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी या तीन गोष्टी त्याच दिवशी विचारल्या तर पुढचे बरेच दुःख टळेल.

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी ज्या बुद्धमूर्तीची स्थापना केली, ती ब्रह्मदेशातून आली होती. सीमेपलीकडून आलेल्याला आपण आपले मानले, ही आपली परंपरा आहे. आता सीमेपलीकडून आलेल्या माणसासाठी कागदही तितक्याच आस्थेने सांभाळायला शिकू.

ते जोडपे? सात महिन्यांनी ती परत आली. या वेळी कागद घेऊन आणि पुरेशा मुदतीचा व्हिसा घेऊन. चौथ्या दिवशी दोघांनी नोटीस दिली, सदतिसाव्या दिवशी तीन साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांमध्ये एक मी होते. पोलीस चौकशीला आले तेव्हा शेजारच्या मावशींनीच त्यांना चहा दिला आणि सांगितले, "हो, इथेच राहतात दोघं, आमचीच सून आहे ती."

जय भीम. नमो बुद्धाय.