अवरक्त संदेशाचे वाचन : कालमापन आणि पडताळा

दूरचित्रवाणी-संचाच्या रिमोटमधून निघणारे किरण अवरक्त असतात; त्यांची तरंगलांबी सामान्यतः ९४० नॅनोमीटर असते. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण विपुल असल्याने, संदेश वेगळा ओळखता यावा म्हणून त्यातील प्रत्येक स्पंद सेकंदास सुमारे ३८,००० वेळा उघडझाप करणाऱ्या प्रकाशाचा बनविलेला असतो. रिसीव्हर याच वारंवारतेस प्रतिसाद देतो व स्पंद चालू असेतो आपला विद्युत्‌दाब खाली आणतो. मायक्रोकंट्रोलरकडे मग कालमापनाचेच कार्य उरते.

उदाहरणार्थ, एनईसी या जपानी कंपनीची संकेतपद्धती घेऊ. तीत आरंभी ९ मिलिसेकंदांचा स्पंद, ४.५ मिलिसेकंदांचा विराम आणि नंतर ३२ बिटे येतात. प्रत्येक बिटाचा स्पंद ५६२.५ मायक्रोसेकंदांचा असतो. त्यापुढील विराम तेवढाच असल्यास बिट शून्य, तिप्पट असल्यास एक. तेव्हा केवळ विराम मोजावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु रिसीव्हर स्पंद काहीसा लांबवू शकतो आणि तितकाच विराम आखूड होतो. म्हणून एका स्पंदाच्या आरंभापासून पुढील स्पंदाच्या आरंभापर्यंतचा काळ मोजणे श्रेयस्कर होय. तो शून्यासाठी १.१२५ व एकासाठी २.२५ मिलिसेकंद भरतो, १.७ ही मर्यादा दोहोंस पुरेशी दूर राहते. आरंभखूण याच मापाने १३.५ मिलिसेकंदांची ठरते. कळ दाबून धरल्यास येणारी पुनरावृत्तीची खूण ११.२५ ची.

तथापि मापन झाले म्हणजे वाचन विश्वसनीय झाले असे नव्हे. मूळ पद्धतीत पत्ता, त्याचा पूरक, आज्ञा व तिचा पूरक असे आठ-आठ बिटांचे चार गट असतात. पूरकात प्रत्येक बिट उलटे असल्यामुळे एखादे बिट चुकीचे वाचले गेल्यास विसंगती तत्काळ उघड होते. पुढे विस्तारित रूपात पत्त्यांची संख्या २५६ वरून सुमारे ६५,००० पर्यंत वाढविण्यासाठी पत्त्याचा पूरक वगळण्यात आला. पूरकाचा आग्रह धरणारा प्रोग्राम असे रिमोट नाकारील. आग्रह सर्वस्वी सोडणारा प्रोग्राम चुकीचा संदेशही स्वीकारील. यास्तव आज्ञेची तिच्या पूरकाशी तुलना अनिवार्य मानावी आणि पत्त्याची सोळाही बिटे अपेक्षित पत्त्याशी ताडून पाहावीत. अशा रीतीने दोन्ही रूपांचे वाचन होते आणि पडताळाही कायम राहतो.