ग्रीनवरील गवत आणि पाणी : गैरसमज व वस्तुस्थिती

गोल्फच्या मैदानात खळग्याभोवतीच्या अत्यंत आखूड कापलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. उष्ण प्रदेशांतील ग्रीनवर बहुधा संकरित बर्म्युडा गवत असते. महाराष्ट्रातील शेतकरी जिला चिवट तण म्हणून ओळखतो, त्या हरळीचा आफ्रिकेतील एका बारीक पानाच्या जातभाईशी झालेला हा संकर होय.

गैरसमज : अवर्षणात तगणाऱ्या गवताला पाणी लागतच नाही.
वस्तुस्थिती : तगणे आणि कमी पाणी वापरणे हे दोन वेगळे गुण आहेत. मातीतून व पानांतून मिळून जेवढे पाणी वाफ होऊन जाते, तेवढी गवताची गरज धरली, तर उष्ण हवामानातील गवतांसाठी प्रमाण मानलेल्या बाष्पीभवनाच्या सुमारे ६० टक्के, तर थंड हवामानातील गवतांसाठी सुमारे ८० टक्के पाणी धरण्याचा प्रघात आहे. त्यामुळे हे प्रमाण बाष्पीभवन दिवसाला ७ मिलिमीटर असल्यास ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला अनुक्रमे २,१०० आणि २,८०० लिटर पाणी लागेल. बचत खरी असली, तरी गरज संपत नाही.

गैरसमज : बांधावरची हरळी मरत नाही, म्हणून ग्रीनवरचीही मरणार नाही.
वस्तुस्थिती : शेतातील हरळीची मुळे खोल जातात आणि काशांत, म्हणजे जमिनीखालील खोडांत, अन्नसाठा असतो. ग्रीनवर मात्र पान जेमतेम ३ मिलिमीटर उरेल इतके वारंवार कापले जाते, त्यामुळे अन्ननिर्मिती घटून मुळे उथळ राहतात; शिवाय गवताखाली पाण्याचा झटपट निचरा करणारा सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर असतो. ही वाळू फार सुकली की तिच्या कणांवरील मेणचट सेंद्रिय लेपामुळे पाण्याचा थेंब आत न मुरता अळूच्या पानावरल्यासारखा वरच गोल उभा राहतो.

गैरसमज : तपकिरी झालेले गवत मेलेले असते.
वस्तुस्थिती : ताण वाढल्यावर पाने आधी निळसर-करडी दिसतात, त्यांवर पावलांचे ठसे उमटून राहतात आणि पुढे ती वाळतात, तरीही काशा जिवंत असल्यास पाणी मिळताच नवे कोंब फुटतात.

गैरसमज : खारे पाणी सोसणाऱ्या पॅस्पॅलम गवताला पाणी कमी पुरते.
वस्तुस्थिती : क्षार सोसणे म्हणजे तहान सोसणे नव्हे, उलट मुळांपाशी साचलेले क्षार खाली धुऊन नेण्यासाठी गरजेपेक्षा अधिक पाणी द्यावे लागते.

सारांश, ग्रीनचे पाणी ठरवताना गवताच्या जातीइतकेच कापणीची उंची, मुळांची खोली आणि खालची वाळू हेही विचारात घ्यावे लागते.