अनिवासी भारतीय आणि जगभरातली कमाई

अनिवासी भारतीयाला भारतातल्या आयकर विवरणपत्रात जगभरातली कमाई दाखवावी लागत नाही. भारतात मिळालेले किंवा भारतात उद्भवलेले उत्पन्न दाखवले की पुरते. जगभरातल्या कमाईवर भारतात कर भरावा लागतो तो सामान्य रहिवाशाला. त्यामुळे विवरणपत्र भरण्याआधी वर्षभरातला मुक्काम मोजावा लागतो.

आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिलेला, नोकरीसाठी देश सोडलेला नागरिक अनिवासी ठरतो. परदेशी स्थायिक होऊन सुटीवर येणाऱ्यांनाही एरवी हीच मर्यादा आहे. मात्र परदेशी उत्पन्न वगळता एकूण उत्पन्न १५ लाखांहून अधिक असेल आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढलेले असतील, तर १२० दिवसांतच रहिवासीपण लागू होते. जहाजावरच्या खलाशांसाठी वेगळा नियम आहे. भारतातून परदेशी निघालेल्या जहाजावर रुजू झाल्यापासून (साइन-ऑन) उतरेपर्यंतचे (साइन-ऑफ), सीडीसी या खलाशाच्या सेवापुस्तिकेत नोंदलेले दिवस भारतातल्या मुक्कामात धरत नाहीत.

समजा, गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरचा एक जण परदेशी जहाजावर आहे आणि अनिवासी ठरतो. गावी त्याची नारळ-सुपारीची वाडी आहे, घर भाड्याने दिले आहे, बँकेत ठेवी आहेत. परदेशी जलप्रवासातल्या कामाचा पगार इथल्या एनआरई खात्यात, म्हणजे अनिवासींच्या परदेशी कमाईसाठीच्या खात्यात, जमा झाला, तरी तेवढ्यामुळे तो करपात्र होत नाही. आयकर खात्याने २०१७ मध्ये तसे परिपत्रकच काढले. एनआरई ठेवीचे व्याज करमुक्त, तर भारतातल्या कमाईसाठीच्या एनआरओ खात्याचे करपात्र. त्यातून बँक ३० टक्के टीडीएस आणि वर अधिभार-उपकर कापते. वाडीचे शेतीउत्पन्न करमुक्त असले, तरी विवरणपत्रात दाखवायचे. घरभाड्यातून घरपट्टी आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के वजावट मिळते. कमी उत्पन्नावर कर शून्य करणारी सूट मात्र फक्त रहिवाशांना आहे, अनिवासींना नाही.

राहत्या देशाचा हिशेब याच्या उलट चालतो. अमेरिकेत करविषयक रहिवासी ठरलेल्या मराठी कुटुंबाला वेळणेश्वरच्या घराचे भाडे आणि भारतात करमुक्त असलेले एनआरई व्याजही तिथल्या विवरणपत्रात दाखवावे लागते. भाड्यावर भारतात भरलेल्या कराची तिथे सवलत मागता येते. आखाती अमिरातीत पगारावर आयकर नाही. पण भारतातले उत्पन्न १५ लाखांवर असलेला आणि निवासामुळे कुठेच करपात्र नसलेला भारतीय नागरिक २०२० च्या दुरुस्तीनुसार इथला रहिवासी मानला जातो. तो सामान्य रहिवासी नसल्याने त्याच्या परदेशी पगारावर कर लागत नाही.

परत येऊन सामान्य रहिवासी झाल्यावर परदेशी खाती आणि मालमत्ता जाहीर करणे बंधनकारक होते; लपवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. म्हणून पासपोर्टवरचे शिक्के, सीडीसीची पाने आणि टीडीएसचे दाखले वर्षवार जपून ठेवावेत. चौकशी झाली, तर बाजू मांडायला हेच कागद लागतात.